बाबांना डमी गोळी मिळाली असेल, तर सिगारेट सुटली कशी?

इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या एका ताईंनी विचारलं आहे. वडील बँकेतून निवृत्त, वय ६१, सिगारेटला ३५ वर्षं झाली, दिवसाला एक पाकीट. धूम्रपान सोडवणाऱ्या एका औषधाच्या ट्रायलमध्ये त्यांनी नाव दिलं. कोणाला खरं औषध, कोणाला हुबेहूब दिसणारी डमी गोळी, आणि कोणाला काय ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही. ताई लिहितात, "बाबांची सिगारेट ५ आठवडे बंद आहे. पण औषधाने होते म्हणतात ती मळमळ नाही, विचित्र स्वप्नं नाहीत, म्हणून त्यांची खात्री झालीय की आपल्याला डमीच आली. आई म्हणते, माणसाला खोटी गोळी देणं ही फसवणूकच. भाऊ म्हणतो, एक गोळी लॅबमध्ये देऊन तपासून घेऊ. आणि डमी असेल, तर सिगारेट सुटली कशी?"

आधी भावाला थांबवा. बाकीचं सावकाश बोलू.

छातीच्या ओपीडीत माझी वीस-बावीस वर्षं गेली, त्यात काही ट्रायलही केल्या. गोळी ओळखण्याचा खटाटोप प्रत्येक ट्रायलमध्ये कोणी ना कोणी करतोच. कोणी ती मोडून बघतो, कोणी पाण्यात विरघळवतो. मल्हारगंजातले एक व्यापारी तर चावून आले आणि म्हणाले, "डॉक्टर साब, कड़वी है, मतलब असली है. शक्कर की तो नी है." आता डमीचा रंग, आकार, वजन, वरचा लेप, सगळं मुद्दाम जुळवून केलेलं असतं. जिभेला कळेल अशी डमी बनवली, तर ती ट्रायल पहिल्याच दिवशी वाया गेली म्हणायची. त्यांना मी एवढंच म्हटलं, "सेठजी, पुढच्या वेळी पाण्याबरोबर घ्या."

आईंचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. फसवणूक कशाला म्हणायचं? "हे औषध आहे" असं सांगून पिठाची गोळी दिली, तर ती फसवणूक. बाबांना तसं कोणी सांगितलेलं नाही. दोहोंपैकी एक मिळेल, कोणती ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरेल आणि शेवटपर्यंत कळणार नाही, हे कन्सेंट फॉर्मवर लिहिलेलं असतं आणि त्याखाली बाबांची सही असते. निदान असायला हवी. ती प्रत तुमच्या घरी आहे का, ते आजच बघा. नसेल तर मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे.

इंदुरात 'ट्रायल' म्हटलं की लोकांच्या कपाळावर आठ्या का पडतात, हे मला माहीत आहे. औषधचाचण्यांवरून आपल्या शहरात मोठं वादळ उठलं होतं, आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात गेलेली याचिका इथल्याच स्वास्थ्य अधिकार मंचाची होती. देशभरचे नियम कडक झाले त्यामागे ती याचिका होती, आणि आम्हा डॉक्टरांनाही तिने चार गोष्टी शिकवल्या. २०१९ च्या नव्या नियमांत तर डमीचा थेट उल्लेख आहे: प्लासिबो असलेल्या ट्रायलमध्ये, आराखड्याप्रमाणे मिळायला हवा तो नेहमीचा उपचार उपलब्ध असून दिला नाही आणि त्यातून इजा झाली, तर तीही भरपाईला पात्र ठरते. म्हणजे डमी दिली की रुग्णाला वाऱ्यावर सोडायला मोकळे, असं कायदाही मानत नाही.

आता मूळ प्रश्न, सुटली कशी. इथे जरा रेंगाळतो, कारण घोळ बहुधा इथेच होतो.

व्हॅरेनिक्लिन या सिगारेट सोडवणाऱ्या औषधाला अमेरिकेत २००६ मध्ये मान्यता मिळाली ती मुख्यतः दोन मोठ्या ट्रायलच्या जोरावर. त्यातल्या एकीत हजाराहून थोडे जास्त लोक होते: एका गटाला व्हॅरेनिक्लिन, दुसऱ्याला ब्युप्रोपिऑन (हेही सिगारेट सोडवायला देतात), तिसऱ्याला डमी, १२ आठवडे. नवव्या आठवड्यापासून वर्ष संपेपर्यंत एकही सिगारेट न ओढलेले निघाले व्हॅरेनिक्लिनवर २१.९ टक्के, ब्युप्रोपिऑनवर १६.१ आणि डमीवर ८.४ टक्के. हा ८.४ लक्षात ठेवा.

आता एक वेगळीच ट्रायल बघा, पोलंडच्या वॉर्सामधली, २०११ साली छापून आलेली. औषध सायटिसिन. लॅबर्नम नावाच्या झाडापासून मिळणारं हे द्रव्य पूर्व युरोपात १९६० च्या दशकापासून विकलं जातंय, स्वस्त आहे, २५ दिवसांचा कोर्स. ७४० लोक होते. वर्षभर सिगारेटपासून दूर राहिलेले, सायटिसिनवर ८.४ टक्के आणि डमीवर २.४.

म्हणजे वॉर्सात खऱ्या औषधाने जेवढं साधलं, तेवढंच अमेरिकेत डमीने साधलं! दोन्ही डमींत औषध शून्य. मग एक डमी दुसरीपेक्षा साडेतीन पट भारी कशी? माणसं वेगळी, देश वेगळे, मोजण्याची पद्धतही तंतोतंत एक नाही, हे सगळं मान्य. पण मला त्यात सर्वांत मोठा फरक दिसतो तो गोळीच्या भोवतालचा. अमेरिकेतल्या ट्रायलमध्ये लोकांना वारंवार बोलावलं जाई, दर वेळी थोडं का होईना समुपदेशन होई, नळीत फुंकायला लावून सिगारेट ओढली का ते तपासलं जाई. वॉर्सात समुपदेशन अगदी जुजबी ठेवलं होतं, कारण गरीब देशात परवडेल असा उपचार त्यांना तपासायचा होता.

तेव्हा डमीच्या गटाला 'काहीच नाही मिळालं' असं कधी समजू नका. गोळीतलं रसायन सोडून बाकी सगळं त्यांना मिळतं. सोडण्याची तारीख ठरते, कोऑर्डिनेटरचा फोन येतो, 'तलफ आली तेव्हा काय केलंत' असं कोणीतरी मन लावून विचारतं, आणि मुख्य म्हणजे पुढच्या व्हिजिटला नळीत फुंकायचं आहे ही धास्ती असते. शिवाय ट्रायलला माणूस येतो तोच मुळी कंबर कसून. तुमच्या बाबांनी १० वर्षांपूर्वी नाव दिलं नाही, आत्ता दिलं. का? निवृत्ती, खोकला, नातवंडं, काहीतरी घडलं असणार. कोणाच्याही मदतीशिवाय सोडायला निघालेल्या शंभरांतले जेमतेम तीन ते पाच सहा महिने-वर्षभर टिकतात. त्यात असा मोसम आणि असा आधार मिळाला की तो आकडा वर सरकतो. ट्रायल या सगळ्याची बेरीज डमीच्या गटात मोजते आणि औषधाच्या खात्यात फक्त उरलेला फरक जमा करते. आमच्याकडे घाऊक बाजारात पोत्याचं वजन वजा करून धान्याचे पैसे देतात ना, तसंच. डमी म्हणजे रिकामं पोतं. ते तोलल्याशिवाय धान्य किती ते कळणार कसं?

मग 'श्रद्धेने बरं वाटतं' म्हणतात त्याचं काय? त्याचं प्रस्थ जरा फाजील वाढलंय, असं माझं मत आहे. २००१ साली डेन्मार्कमधल्या दोन संशोधकांनी डमी गोळी विरुद्ध काहीच न देणं अशी तुलना असलेल्या ट्रायल एकत्र करून पाहिल्या. वेदनेसारख्या, माणसाने स्वतः सांगायच्या गोष्टींत थोडा फरक होता. हो-नाहीत मोजायच्या गोष्टींत फारसा नव्हता. सिगारेट ओढली की नाही हा हो-नाहीचाच मामला. पण विश्वासाचा संबंधच नाही असंही म्हणवत नाही. स्वित्झर्लंडमध्ये सिगारेट कमी करू पाहणाऱ्यांचा एक अभ्यास झाला. आपल्याला निकोटिन मिळतंय असं ज्यांना वाटत होतं, त्यांचं जास्त चांगलं चाललं होतं, मग प्रत्यक्षात निकोटिन मिळत असो वा नसो. वाचायला छान आहे, पण कार्यकारण उलटंही असू शकतं: ज्याची सिगारेट सुटते तो म्हणतो, 'म्हणजे मला खरीच मिळाली', आणि ज्याची सुटत नाही तो गोळीला बोल लावतो. तुमच्या बाबांचं प्रकरण गंमतीदार आहे ते यासाठी. सिगारेट सुटूनही गोळीला डमी ठरवणारा माणूस विरळा!

या औषधांच्या ट्रायलमध्ये गुपित राखणं हीच मोठी डोकेदुखी असते. रक्तदाबाची गोळी खरी की खोटी हे पोटात गेल्यावर कळत नाही. निकोटिन मात्र ३५ वर्षांचा सोबती, त्याची चाहूल लगेच लागते. निकोटिनचं च्युइंग गम चघळलं की जीभ आणि घसा तिखटावल्यासारखा होतो. नुसतं पुदिन्याचं गम डमी म्हणून दिलं तर पहिल्या पाच मिनिटांत बिंग फुटेल. म्हणून काही जुन्या ट्रायलमध्ये डमी गममध्येही थोडं निकोटिन घालत, पण ते तोंडातून रक्तात उतरायला लागणारा अल्कली क्षार गाळून. चव राहते, गुण जातो. शक्कल भारी आहे, मला स्वतःला फार आवडते. पण मग त्या डमीला शंभर टक्के डमी म्हणायचं का, हा प्रश्न उरतोच. चघळलेलं थोडंफार पोटात जाणारच.

आणि एवढं करून गुपित टिकतं का? २००४ च्या एका आढाव्यात निकोटिन उपचारांच्या ७३ 'दोन्ही बाजू आंधळ्या' (म्हणजे कोणाला काय ते रुग्णालाही ठाऊक नाही, डॉक्टरलाही नाही) ट्रायल तपासल्या. 'तुम्हाला काय मिळालं असं वाटतं?' असं लोकांना विचारायची तसदी त्यांतल्या फक्त १७ ट्रायलनी घेतली होती, आणि त्या १७ पैकी १२ ठिकाणी लोकांनी नुसत्या अंदाजापेक्षा जास्त वेळा बरोबर ओळखलं होतं. हा आमच्या क्षेत्रातला दुखरा कोपरा आहे. माझ्या मते हा प्रश्न प्रत्येक ट्रायलमध्ये विचारावा, आणि पहिल्या आठवड्यातच विचारावा. शेवटी विचारलं, तर निकाल पाहून माणूस उत्तर बदलतो.

मळमळीवरून बाबांनी काढलेल्या निष्कर्षाकडे वळतो. त्यांच्या ट्रायलचं औषध कोणतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. व्हॅरेनिक्लिन असेल असं धरू. वर सांगितलेल्या ट्रायलमध्ये मळमळ झाली व्हॅरेनिक्लिनवरच्या सुमारे २८ टक्के लोकांना. म्हणजे औषध खरं असूनही दहातल्या सातांना मळमळ झालीच नाही. आणि डमीवरच्या ८ टक्क्यांना झाली! रामबागेतले एक काका १२ आठवडे मळमळीची तक्रार करत होते. गोळी जेवणानंतर घ्या, भरपूर पाणी प्या, सगळं सांगून झालं. कोड फुटल्यावर, म्हणजे कोणाला काय दिलं होतं ते उघड झाल्यावर, कळलं, डमी. काका आधी गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे ती मळमळ माझी स्वतःची होती?" त्यांना मी खोटं पाडलं नाही, तुम्हीही कोणाला पाडू नका. फॉर्मवर 'मळमळ होऊ शकते' असं वाचलेलं मन पोटावर नजर ठेवून बसतं. त्यात सिगारेट सुटताना पोट बिघडतं, झोप उडते, चिडचिड होते, ती वेगळीच.

हे शेवटचं वाक्य साधं दिसतं, पण डमीचा सर्वांत मोठा उपयोग मी पाहिला तो इथेच. व्हॅरेनिक्लिन बाजारात आल्यावर तक्रारी येऊ लागल्या: नैराश्य, आक्रमकपणा, आत्महत्येचे विचार. २००९ मध्ये अमेरिकेने औषधाच्या माहितीपत्रकात काळ्या चौकटीतली सूचना छापायला लावली. आमच्यासारखे डॉक्टर बिचकले, रुग्ण तर त्याहून. मीसुद्धा काही वर्षं हे औषध लिहिताना हात आखडता घेतला. पण खोच अशी की निकोटिन सोडलं की मन खाली जातंच. पहिला आठवडा कठीण, मग दोन-चार आठवड्यांत निवळतं. औषध आणि सिगारेट सोडणं एकाच वेळी चालू. मग दोष कोणाचा? नुसतं औषध घेणाऱ्यांकडे बघून हे आयुष्यात कळलं नसतं.

त्यासाठी ईगल्स नावाची ट्रायल झाली, २०१६ मध्ये प्रसिद्ध. १६ देश, ८ हजारांवर माणसं, त्यातली अर्धी आधीपासून मानसिक आजार असलेली. चार गट: व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑन, निकोटिन पॅच (कातडीवर चिकटवायची पट्टी), डमी. गोळ्या दोन प्रकारच्या आणि वर पॅच, मग गुपित राहणार कसं? तर प्रत्येकाने तिन्ही घ्यायचं. त्यातलं फार तर एक खरं, बाकीची डमी. आणि चौथ्या गटात तिन्ही डमी. मानसिक आजार नसलेल्यांत गंभीर मानसिक त्रास व्हॅरेनिक्लिनवर १.३ टक्के आणि डमीवर २.४ टक्के. मानसिक आजार असलेल्यांत ६.५ आणि ४.९; फरक आहे, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरण्याइतका नाही. डमीवरसुद्धा शंभरातल्या पाचांना त्रास झाला, हीच मोठी बातमी होती. त्याच वर्षी डिसेंबरात ती काळी चौकट निघाली. सात वर्षं एका चांगल्या औषधावर जो डाग होता तो धुतला डमीने. याच ट्रायलमध्ये, मानसिक आजार नसलेल्यांत उपचाराचे शेवटचे चार आठवडे सिगारेट बंद राहिली व्हॅरेनिक्लिनवर ३८ टक्के, पॅच आणि ब्युप्रोपिऑनवर २६ च्या आसपास, डमीवर १३.७.

मोजणीबद्दल थोडक्यात. लोक खोटं बोलतात, बहुतेकदा डॉक्टरला वाईट वाटू नये म्हणून. म्हणून नळीत फुंकायला लावतात: श्वासातला कार्बन मोनॉक्साइड ठरावीक मर्यादेच्या, बहुधा १० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १० भाग), आत हवा. पण तो काही तासांत उतरतो, त्यामुळे आदल्या रात्री ओढलेली सिगारेट सकाळी लपू शकते. रक्त-लघवीतलं कोटिनिन (निकोटिनपासून शरीरात बनणारा पदार्थ) जास्त दिवस टिकतं, पण पॅच-गम चालू असेल तर त्याचा उपयोग नाही. दिल्लीच्या एम्समध्ये चघळण्याच्या तंबाखूसाठी २३७ जणांवर व्हॅरेनिक्लिनची ट्रायल झाली, तिचे आकडे बोलके आहेत. स्वतःच्या तोंडाने 'सोडली' म्हणणारे ४३ विरुद्ध डमीवर ३१ टक्के. तपासणीत खरे ठरलेले २५ विरुद्ध १९.५. दोन्ही गट थापा मारत होते, आणि थापा वजा केल्यावर औषधाचा फायदाही ठामपणे सांगण्याइतका उरला नाही. आपल्या मध्य प्रदेशात सिगारेटपेक्षा तंबाखू-चुना आणि बिडीचं राज्य. सिगारेटवर सिद्ध झालेलं औषध सुपारी-तंबाखूवर तसंच चालेल असं गृहीत धरू नये, एवढं त्यातून घ्यावं.

सिद्ध औषधं हातात असताना डमी द्यायचीच का, हा आईंच्या प्रश्नाचा उरलेला अर्धा भाग. माणसांवरच्या संशोधनाची जगभरची नीतितत्त्वं सांगणाऱ्या हेलसिंकी जाहीरनाम्यातली चौकट अशी आहे: सबळ शास्त्रीय कारण असेल आणि डमीमुळे रुग्णाला गंभीर किंवा कायमची इजा होण्याचा जादा धोका नसेल, तरच. काही महिने आपल्या मर्जीने, समुपदेशनासह, डमीवर प्रयत्न करणं त्या चौकटीत बसतं, कारण माणूस कधीही बाहेर पडून सिद्ध औषध घेऊ शकतो. हृदयविकाराचा झटका नुकताच येऊन गेलेल्या माणसाला मी स्वतः अशा ट्रायलमध्ये पाठवणार नाही. त्याच्यासाठी एकेक सिगारेट महाग. आणि नवं औषध जुन्याच्या तोडीचं आहे का एवढंच बघायचं असेल, तर नव्यासमोर जुनं उभं करावं. न्यूझीलंडमधल्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ट्रायलमध्ये सायटिसिनसमोर पॅच-गमच उभे केले, डमी नव्हतीच. मात्र डमी नसली आणि दोन्ही औषधं सारखी निघाली, तर दोन्ही चालली की दोन्ही फसली हे कळायची सोय राहत नाही, हेही खरं.

तर बाबांनी काय करावं? गोळी वेळेवर घेत राहावं आणि अंदाज बांधणं सोडावं. डमी असली, तर ५ आठवडे त्यांनी औषधाशिवाय काढले. पुढे कधी पाय घसरलाच तर खरी औषधं अजून शिल्लक आहेत. खरी असली तर उत्तमच. एवढंच की 'माझी तर डमीच आहे' असं मनात धरून त्यांनी मधेच गोळी बंद करू नये. पुढच्या व्हिजिटला तुम्ही बरोबर जा आणि विचारा: ट्रायल संपल्यावर, पुन्हा सुरू झाली तर पुढचा उपचार कोण करणार? कोणाला काय मिळालं ते नंतर कळवणार का, आणि कधी? ट्रायलमधल्या रुग्णांच्या हितावर लक्ष ठेवणाऱ्या एथिक्स कमिटीचा नंबर फॉर्मवर असतो, तो मोबाइलमध्ये घालून ठेवा. रात्री-अपरात्री काही झालं, छातीत दुखलं, मन फारच खचलं, तर ट्रायलच्या डॉक्टरला लगेच फोन करा. उपचारासाठी गरज पडली तर एकट्या त्या रुग्णाचा कोड तेव्हाच फोडता येतो. त्याला लॅब लागत नाही. ट्रायलबाहेरच्या मदतीसाठी १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी मोफत क्विटलाइन आहे, आईंनाही त्यावर बोलता येईल.

आणि रिकामी पाकिटं टाकू नका, उरलेल्या गोळ्यांसकट ती परत न्यायची असतात. कोऑर्डिनेटर एकेक मोजतो. भावाने एखादी आधीच काढून घेतली असेल, तर ती पाकिटात परत खोचून ठेवू नका. हिशेब विचारतील तेव्हा सरळ सांगा. आम्ही रागावत नाही, फक्त वहीत लिहितो.